नवगावच्या किनाऱ्यावरून ‘कासाब्लांका’

‘कासाब्लांका’ या चित्रपटाची ओळख आपल्याकडे बहुधा एका निरोपापुरती उरली आहे. हम्फ्री बोगार्ट आणि इन्ग्रिड बर्गमन, धुक्यातला विमानतळ, आणि प्रेम असूनही दूर जाणारी दोन माणसे. २६ नोव्हेंबर १९४२ रोजी न्यूयॉर्कमध्ये हा चित्रपट पहिल्यांदा दाखवला गेला. त्यानंतरच्या आठ दशकांत त्याच्यावर इतके लिहिले गेले आहे की नव्याने कौतुक करण्याची गरज कुणाला वाटू नये. तरीही त्या कौतुकात एक मोठी उणीव राहिली आहे असे मला वाटते. आपण प्रेमकथा समोर ठेवतो आणि युद्धाला मागच्या पडद्याची जागा देतो. चित्रपट मात्र नेमका उलट रचला आहे. त्यातले प्रेम मोठे ठरते ते त्या दोघांच्या भोवती, एका परक्या बंदरात परवान्याची वाट पाहत बसलेल्या माणसांमुळे. ही माणसे वगळली तर उरते ती एक नीटनेटकी, थोडी भाबडी प्रेमकथा. ही माणसे धरून पाहिले, तर यजमान आलेल्या माणसाचे काय देणे लागतो, हा प्रश्न विचारणारा एक फार गंभीर चित्रपट दिसू लागतो. आणि हा प्रश्न समजून घ्यायला रायगडच्या किनाऱ्याइतकी योग्य जागा क्वचितच असेल.

आधी कथेची बांधणी पाहू. काळ डिसेंबर १९४१ चा. चित्रपटाच्या सुरुवातीलाच नकाशावर एक वाट आखली जाते: पॅरिसहून मार्सेय, तिथून भूमध्य समुद्र ओलांडून ओरान, मग मिळेल त्या वाहनाने किंवा पायी आफ्रिकेच्या कडेकडेने कासाब्लांका. तिथे पोहोचलेल्या माणसाला लिस्बनचे विमान हवे असते, कारण लिस्बनहून अमेरिकेची बोट मिळते. पण विमानात बसायला परवाना लागतो. तो पैशाने, ओळखीने किंवा नशिबाने मिळतो. ज्यांच्याकडे यातले काहीच नाही ते थांबतात, आणि थांबतच राहतात. या गावात रिक नावाच्या अमेरिकन माणसाचा एक कॅफे आहे आणि त्याच्या हाती दोन चोरीचे परवाने लागतात. पूर्वी त्याला पॅरिसमध्ये सोडून गेलेली इल्सा तिथे येते, पण तिच्याबरोबर तिचा नवरा व्हिक्टर लाझ्लो आहे. नाझींच्या छावणीतून निसटलेला, चेकोस्लोव्हाकियाच्या प्रतिकार चळवळीचा हा नेता. परवाने दोन, माणसे तीन. प्रेमाचा त्रिकोण हजारो चित्रपटांत आहे, पण तो सरकारी कागदांच्या तुटवड्यातून इतक्या थेटपणे उभा राहिलेला दुसरा सहज आठवत नाही. कोण कुणाचे, हा प्रश्न इथे कोण सुटणार आणि कोण अडकणार या प्रश्नापासून वेगळा काढताच येत नाही.

त्या गर्दीतली माणसे लेखकांनी शोभेसाठी ठेवलेली नाहीत. कथेचे खरे वळण त्यांच्यामुळेच येते, आणि ते विमानतळाच्या खूप आधी येते. बल्गेरियाहून पळून आलेले एक तरुण जोडपे आहे. परवान्यासाठी लागणारे पैसे मिळावेत म्हणून नवरा जुगाराच्या टेबलावर उरलेसुरले गमावतो आहे. इकडे पोलिस अधिकारी रेनो परवान्याच्या बदल्यात त्या कोवळ्या बायकोकडे काय मागतो आहे, हे प्रेक्षकाला न सांगता कळते. ती रिककडे येऊन विचारते की नवऱ्याच्या सुखासाठी बाईने असे काही केले आणि ते कायमचे मनात गाडून टाकले, तर ते क्षम्य ठरेल का. रिक तिला तुटकपणे उडवून लावतो. मग तो टेबलापाशी जाऊन तिच्या नवऱ्याला २२ या आकड्यावर पैसे लावायला सांगतो, चक्र त्याच आकड्यावर थांबते, पुन्हा लावायला सांगतो, पुन्हा तेच होते. पैसे उचला आणि परत इथे येऊ नका, इतकेच तो बोलतो. कोणाची बाजू घ्यायची नाही, कोणासाठी मान पुढे करायची नाही, असे सांगत आलेल्या माणसाने आपल्याच गल्ल्यातून दोन अनोळखी माणसांची सुटका विकत घेतलेली असते. शेवटी इल्साला विमानात बसवणारा रिक इथे घडतो. प्रेमातला त्याग तो आधी परक्यांसाठी करायला शिकतो, आणि मगच तो आपल्या माणसासाठी करू शकतो. हा क्रम चित्रपटाच्या अर्थाचा गाभा आहे.

हे इतके खरे का वाटते, याचे उत्तर श्रेयनामावलीत आहे. नावाने श्रेय मिळालेल्या १४ कलाकारांपैकी अमेरिकेत जन्मलेले फक्त तिघे: बोगार्ट, कॅफेतल्या पियानोवादक सॅमची भूमिका करणारा डूली विल्सन आणि बल्गेरियन वधू झालेली जॉय पेज. दिग्दर्शक मायकेल कर्टिझ बुडापेस्टचा, संगीतकार मॅक्स स्टायनर व्हिएन्नाचा. नाझी मेजर स्ट्रासरचे काम करणारा कॉनराड फाइट स्वतः हिटलर सत्तेवर येताच जर्मनी सोडून गेलेला नट होता, त्याची पत्नी ज्यू होती. कॅफेतल्या जुगाराच्या टेबलाचा कारभारी झालेला मार्सेल दालिओ आणि कॅफेत येणाऱ्या इव्होनचे काम करणारी मादलेन लबो हे पतिपत्नी १९४० मध्ये पॅरिसमधून निसटून लिस्बनमार्गे अमेरिकेला पोहोचले होते, म्हणजे चित्रपटातली पात्रे ज्या वाटेची स्वप्ने पाहतात तिचा मोठा टप्पा त्यांनी खरोखर पार केला होता. बल्गेरियन नवरा झालेला हेल्मुट डान्टीन व्हिएन्नात नाझींच्या कैदेत राहून आला होता. मूळ नाटकाची कल्पनाही तशीच सुचली. मरे बर्नेट १९३८ मध्ये नातलगांना मदत करण्यासाठी पत्नीसह व्हिएन्नाला गेला. तिथे त्याने ज्यूंची दैना पाहिली आणि परतल्यावर जोन ॲलिसनबरोबर नाटक लिहिले. रंगमंचावर न आलेले ते नाटक वॉर्नर ब्रदर्सने विकत घेतले. जर्मन अधिकारी आपले गीत गात असताना लाझ्लो वादकांना फ्रान्सचे राष्ट्रगीत वाजवायला सांगतो, त्या प्रसंगी लबोच्या डोळ्यांतले पाणी पाहावे. तिचा देश तेव्हा खरोखरच शत्रूच्या टाचेखाली होता. आणखी एक बारकावा तिथे आहे. लाझ्लोचा हुकूम ऐकून वादक आधी रिककडे पाहतात. रिक किंचित मान हलवतो, आणि मगच वाद्ये सुरू होतात. जागेच्या मालकाने होकार दिल्याशिवाय त्या माणसांना स्वतःचा आवाजही मिळत नाही.

आता रायगडकडे येऊ. अलिबागच्या उत्तरेला थळ-किहीमच्या बाजूला नवगाव आहे. बेने इस्रायल या कोकणातल्या ज्यू समाजाची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचे जहाज या किनाऱ्याजवळ फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि बुडालेल्यांना नवगावलाच पुरले गेले. परंपरेला इतिहासाच्या कसोट्या लावल्या तर वर्षे आणि आकडे यांवर वाद होतील आणि ते झालेही आहेत. वादापलीकडचे सत्य मात्र किनाऱ्यावर पसरलेले आहे. ही माणसे पिढ्यानपिढ्या या गावांत राहिली. त्यांनी तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. हिब्रू जवळजवळ विसरली गेली, मराठी घरची भाषा झाली, पण शब्बाथ, सुंता आणि ‘शेमा’ची प्रार्थना टिकली. एलियाहू पैगंबराच्या नावाने पोहे, खोबरे आणि साखरेचा मलिदा होऊ लागला. आडनावे गावांवरून पडली: पेणकर, रोहेकर, नवगावकर, चेऊलकर, केहीमकर, अष्टमकर. समाजाचा पहिला मोठा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युअल केहीमकर यांचे घराणे मूळचे किहीमचे. ज्यांच्या नाटकावरून पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ १९३१ मध्ये तयार झाला ते जोसेफ डेव्हिड हे पेणकर. ‘बूट पॉलिश’मधल्या भूमिकेने घरोघरी पोहोचलेल्या डेव्हिड यांचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. रेवदंडा आणि अलिबागची सिनेगॉग आजही उभी आहेत. कागदावाचून, जामिनावाचून आलेल्या माणसांना एका किनाऱ्याने गावाचे नाव दिले, आणि त्या नावांनी पुढे भारतीय चित्रपटाच्या पायाभरणीत हातभार लावला.

या इतिहासाशेजारी ‘कासाब्लांका’चा काळ ठेवला की दोन्हींचा अर्थ बदलतो. १९३७-३८ मध्ये मुंबईचे महापौर डॉ. इलायजा मोझेस राजपूरकर हे बेने इस्रायल समाजातले होते. आज वरळीच्या रस्त्याला असलेले डॉ. ई. मोझेस हे नाव त्यांचेच. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि व्हिएन्नाच्या ज्यूंना भर रस्त्यात गुडघ्यावर बसवून फरशा घासायला लावले गेले. एकाच काळात एका शहरात ज्यू असणे हा गुन्हा ठरत होता आणि दुसऱ्या शहरात एक ज्यू डॉक्टर पहिला नागरिक म्हणून वावरत होता. युरोपातून सुटलेल्या काही जणांना ती दुसरी वाट सापडलीही. संगीतकार वॉल्टर काउफमान १९३४ मध्येच मुंबईला आले. आकाशवाणीच्या ओळखधुनेचे श्रेय सामान्यतः त्यांना दिले जाते. पटकथालेखक विली हास १९३९ मध्ये आले आणि त्यांनी इथल्या चित्रपटांसाठी लिहिले. चित्रकार वॉल्टर लांगहामर आणि संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर व्हिएन्नाहून आले. रुडी फॉन लायडनसह या मंडळींनी पुढे प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या तरुण चित्रकारांना बळ दिले. पण हा दरवाजा अरुंद होता. ब्रिटिश सरकार हमी मागत असे आणि त्यासाठी मुंबईतल्या ज्यूइश रिलीफ असोसिएशनला धडपडावे लागत असे. युद्ध सुरू होताच जर्मन आणि ऑस्ट्रियन नागरिक म्हणून हिटलरचे बळी असलेल्यांनाही संशयाने पाहिले गेले, काहींना नजरकैदेत टाकले गेले. पुरंदर किल्ल्यावरही अशी छावणी होती. दुसरीकडे कोल्हापूरजवळच्या वळीवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बहुतांश बायका आणि मुले होती, सोव्हिएत हद्दीतल्या निर्वासनातून इराणमार्गे ती इथवर पोहोचली होती. म्हणजे परवाने, हमी, छावणी आणि न संपणारी वाट ही या चित्रपटाची सामग्री महाराष्ट्राच्या मातीवरही पसरलेली होती.

म्हणूनच रिक मला प्रेमभंग झालेल्या नायकापेक्षा यजमान म्हणून अधिक महत्त्वाचा वाटतो. पूर्वी तो इथिओपियाला शस्त्रे पोहोचवत होता, स्पेनमध्ये प्रजासत्ताकाच्या बाजूने लढला होता. पॅरिसच्या स्टेशनवर पावसात इल्साची चिठ्ठी हातात पडल्यापासून त्याने जगाशी संबंध तोडला. त्याच्या कॅफेत जर्मन अधिकारीही येतात, चोरही येतात, निर्वासितही येतात. सगळ्यांना पेय मिळते आणि मालक कुणाच्याच टेबलावर बसत नाही. या तटस्थतेला तो प्रामाणिकपणा समजतो. चित्रपट शांतपणे दाखवत जातो की जिथे एका बाजूला बंदूक आणि दुसऱ्या बाजूला रिकामे हात आहेत, तिथे सगळ्यांना सारखेच वागवणे हे बंदुकीच्या सोयीचे असते. चोरीचे परवाने रिककडे सोपवणारा उगार्ते मदतीसाठी हात पसरतो तेव्हा रिक हलत नाही, आणि तो माणूस मरतो. बल्गेरियन जोडप्याच्या वेळी तो हलतो, आणि ती दोघे वाचतात. राष्ट्रगीताच्या वेळी त्याची मान हलते, आणि त्याच रात्री त्याचा कॅफे बंद पडतो. आलेल्या माणसाला खरोखर जागा द्यायची तर यजमानाला काहीतरी गमवावे लागते, आणि रिकची प्रत्येक चांगली कृती त्याला काहीतरी गमवायला लावते. गल्ला, कॅफे, सुरक्षितता, शेवटी इल्सा. प्रेमाचा त्याग या यादीत शेवटी येतो, म्हणून तो खरा वाटतो.

याला पहिला आक्षेप असा घेतला जाईल की इतका अर्थ त्या शेवटावर लादणे योग्य नाही. त्या काळी हॉलिवूडने स्वतःवर घालून घेतलेल्या नीतिसंहितेत विवाहित स्त्रीने नवऱ्याला सोडून प्रियकराबरोबर जाणे दाखवणे अशक्यच होते. शिवाय चित्रीकरण सुरू असताना पटकथा लिहिली जात होती आणि आपण कुणावर प्रेम करतो आहोत हे बर्गमनलाही स्पष्ट सांगता येत नव्हते. ज्युलियस आणि फिलिप एपस्टाइन हे जुळे भाऊ, हॉवर्ड कॉख आणि इतर काही हात या लेखनात होते. घाईत जमून आलेल्या योगायोगाला आपण कला म्हणतो आहोत का? यातली माहिती खरी आहे, निष्कर्ष मात्र टिकत नाही. मूळ नाटकातही नायक त्या दोघांना जाऊ देतो आणि स्वतः पकडला जातो. म्हणजे शेवटाची दिशा नीतिसंहिता आड येण्याआधीच ठरलेली होती. संहितेने फार तर इल्सा कुणाबरोबर जाईल हे बंधनकारक केले. रिकने ते का करावे, ते पटण्यासाठी आधीच्या दीड तासात कोणकोण माणसे त्याच्या दारातून गेली पाहिजेत, हे कुठल्याही नियमाने सांगितले नव्हते. छंदाचे बंधन पाळून लिहिलेली ओवी बंधनामुळे खोटी ठरत नाही. तिचे मोल त्या बंधनात काय भरले यावर ठरते. बर्गमनच्या चेहऱ्यावरची अनिश्चितताही इल्साच्या अवस्थेशी इतकी जुळते की ती उणीव न राहता अभिनयाचा भाग झाली आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि भारतीय वाचकाने तो घेतलाच पाहिजे. मोरोक्को १९१२ पासून १९५६ पर्यंत फ्रान्सच्या ताब्यात होता. या चित्रपटात मोरोक्कन माणूस जवळजवळ नाही. तो दारावर उभा आहे, बाजारात वस्तू विकतो आहे, आणि ‘अब्दुल’ नावाच्या दारवानाचे कामही अमेरिकन नटाने केले आहे. ज्या गीताने आपल्या अंगावर काटा येतो ते मोरोक्कोच्या लोकांसाठी त्यांच्या राज्यकर्त्यांचे गीत होते. चित्रीकरण ३ ऑगस्ट १९४२ च्या सुमारास संपले, आणि त्याच आठवड्यात मुंबईच्या गवालिया टँक मैदानावरून ‘चले जाव’ची हाक दिली गेली. चित्रपट न्यूयॉर्कमध्ये झळकला तेव्हा गांधीजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये बंदिवान होते. ज्या जिल्ह्यात २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या जंगल सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, तिथल्या वाचकाला स्वातंत्र्याचे हे एकतर्फी चित्र खटकणारच. ही उणीव खरी आहे, आणि तिला काळाची मर्यादा म्हणून माफ करण्याची गरज नाही. पण तिच्यामुळे चित्रपट मोडीत काढणेही चुकीचे ठरेल, कारण तो ज्या तत्त्वावर उभा आहे तेच तत्त्व ही उणीव उघडी पाडते. तटस्थता सबळाच्या सोयीची असते हे एकदा पटले, की फ्रेंच वसाहतीच्या बाबतीत चित्रपटाने पाळलेले मौनही त्याच तराजूत तोलले जाते. चांगली कलाकृती कधीकधी आपल्याला जी दृष्टी देते ती तिच्या कर्त्यांच्या दृष्टीपेक्षा लांब पोहोचते. आपण ती दृष्टी घ्यावी आणि जिथे कर्ते थांबले तिथून पुढे पाहावे.

तिसरा आक्षेप इल्साविषयीचा आहे. दोन पुरुष आपसात ठरवतात आणि बाईला विमानात बसवतात, यात कसले प्रेम? ती स्वतःच रिकला सांगते की आता दोघांच्या वतीने विचार त्यानेच करावा, तेव्हा तर हा आक्षेप पक्का होतो. विमानतळावर तिला अधिक बोलू द्यायला हवे होते, हे मी मान्य करतो. पण कथेतला पहिला निर्णय कोणाचा होता ते विसरू नये. लाझ्लो छावणीत मेला असे समजून ती रिकच्या प्रेमात पडली. जर्मन फौजा पॅरिसच्या वेशीवर असताना तो जिवंत आहे, आजारी आहे, लपून आहे हे तिला कळले. रिकला खरे सांगितले असते तर तो तिच्यासाठी मागे थांबला असता आणि पकडला गेला असता. म्हणून तिने एकटीने ठरवले, एक चिठ्ठी लिहिली आणि त्याचा राग, त्याचा तिरस्कार आपल्यावर ओढवून घेतला. त्या त्यागाला साक्षीदार नव्हता, त्याचे कौतुक करणारे कुणी नव्हते. दीड वर्षाने विमानतळावर रिक जे करतो ते इल्साने पॅरिसला आधीच केलेले आहे. या प्रेमकथेत शिकवणारी ती आहे आणि शिकणारा तो. प्रेक्षकांच्या आठवणीत रिकचे भाषण उरले आणि इल्साची चिठ्ठी मागे पडली, हा दोष पाहणाऱ्यांचा अधिक आहे.

चौथा आक्षेप रायगडच्या दाखल्यालाच लागू पडतो. कोकणाने बेने इस्रायलांना सामावून घेतले ते जातीच्या चौकटीत, एक वेगळी जात म्हणून. त्यात समता नव्हती. ज्या समाजाने आपल्याच लोकांना महाडच्या चवदार तळ्याचे पाणी नाकारले त्याने आदरातिथ्याची फुशारकी मारू नये. हे म्हणणे मला पूर्णपणे पटते. १९२७ चे महाड याच जिल्ह्यात आहे आणि ते नजरेआड करून नवगावची गोष्ट सांगणे अप्रामाणिक ठरेल. पण या आक्षेपाने माझा मुद्दा अधिक नेमका होतो. परक्याला राहू देणे आणि त्याला बरोबरीचा मानणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. कोकणाने पहिली पायरी नि:संशय गाठली: शनिवारचा बंद घाणा कुणी जबरदस्तीने सुरू केला नाही, प्रार्थना थांबवली नाही, छळाचा इतिहास लिहिण्याची वेळ त्या समाजावर या किनाऱ्यावर आली नाही. विसाव्या शतकात युरोपात काय घडले हे आठवले तर या पहिल्या पायरीची किंमत कळते. दुसरी पायरी मात्र आपल्याला आपल्याच माणसांच्या बाबतीतही गाठता आली नव्हती. रिकचा कॅफे सुरुवातीला पहिल्याच पायरीवर असतो, सगळ्यांना प्रवेश आणि कुणासाठीही जोखीम नाही. त्याचा प्रवास दुसऱ्या पायरीकडचा आहे.

महाराष्ट्राला युद्धकाळातली प्रेमकथा परकी नाही, हेही इथे सांगायला हवे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले. युद्धाच्या धामधुमीत १९४१ च्या अखेरीस त्यांनी परिचारिका कुओ चिंगलान यांच्याशी लग्न केले, पुढच्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, ‘कासाब्लांका’च्या पहिल्या खेळानंतर दोन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, त्यांचा मृत्यू झाला. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ काढला, नायकाची भूमिका स्वतः केली आणि नायिका जयश्री झाल्या. कथा ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावर आधारलेली होती, संगीत वसंत देसाई यांचे होते. दोन्ही चित्रपटांत प्रेम कर्तव्याशी जोडलेले आहे, पण शांतारामांच्या चित्रपटात ते एकाच वाटेने चालतात आणि मृत्यू ताटातूट करतो. ‘कासाब्लांका’त ताटातूट जिवंत माणसाला स्वतःच्या हाताने करावी लागते. हौतात्म्य आपल्याला लगेच कळते, कारण आपल्या परंपरेत त्याला मोठे स्थान आहे. जगत राहून, रोज आठवत राहून सोडून देणे हे कमी गाजणारे धैर्य आहे. कोटणीसांच्या पत्नीला, त्यांच्या मृत्यूनंतर तान्हे मूल घेऊन युद्धात उभे राहावे लागले तेव्हा हे धैर्यही लागले. हे दोन चित्रपट शेजारी ठेवून पाहिले तर दोन्ही अधिक कळतात.

म्हणून माझी सूचना साधी आहे. अलिबाग, पेण, रोहा, मुरूडच्या महाविद्यालयांनी आणि फिल्म सोसायट्यांनी हे दोन चित्रपट एकत्र दाखवावेत, आणि त्यांच्याबरोबर नवगाव, वळीवडे आणि चवदार तळे यांचा इतिहासही बोलला जावा. स्वातंत्र्याच्या सुमारास वीस हजारांच्या घरात असलेला बेने इस्रायल समाज पुढे बहुतांशी इस्रायलला गेला. या किनाऱ्यावर आता मोजकी कुटुंबे उरली आहेत, आणि त्या सहजीवनाची आठवण आपण जपली नाही तर ती आडनावांपुरती राहील. ‘कासाब्लांका’ तिला जपायला मदत करतो, कारण तो आपल्याला यजमानाच्या जागी उभे करतो. आपली गावे आज झपाट्याने बदलत आहेत. कामासाठी, निवाऱ्यासाठी, सुरक्षिततेसाठी येणारी माणसे पुढेही येत राहतील आणि त्यांच्याविषयी काय वाटते हे आपल्याला पुन्हा पुन्हा ठरवावे लागेल. कुणाच्याही वाटेत न येणे एवढ्यावर चांगुलपणा पुरा होतो असे आपण मानत असू, तर हा चित्रपट आपली समजूत घालत नाही, तो आपल्याकडून अधिक मागतो. प्रेमाची उंची प्रेमिकांच्या दुःखावरून न मोजता त्यांनी तिसऱ्या माणसासाठी काय सोडले यावरून मोजायला तो शिकवतो. मोठ्या प्रेमकथेकडून याहून अधिक काही मागावे असे मला वाटत नाही.